चित्रांतून अंकांकडे
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



शंभर वर्षे वाचन जोपासणाऱ्या या वास्तूत बालकांच्या मोजणीविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु उद्याचा सभासद याच वयात घडतो. सुरतेतील मराठी बालक घरी ‘दोन’ ऐकते, शेजारी ‘बे’ आणि शाळेत ‘टू’. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी येतात, इंग्रजीत वीस आधी. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाचा पर्याय दिला, त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. आपल्या मुलांची अडचण तर तिहेरी आहे. नाव बदलले तरी संख्या बदलत नाही, हे त्यांना दाखवायचे कसे?

याचे सोपे साधन म्हणजे चित्रपुस्तक. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, तेव्हापासून गुजराती व मराठी बालशिक्षणाचे नाते जडले आहे. पुढे बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत ताराबाईंनी खडे, शिंपले, बिया अशा भोवतालच्या वस्तूंनाच शिक्षणाचे साहित्य केले. वस्तूकडून चित्राकडे आणि चित्राकडून अंकाकडे, हा क्रम स्वाभाविक होय.

पानावर तीन चिमण्या असतील, तर आधी गोष्ट सांगावी. मग मुलाने एकेका चिमणीवर बोट ठेवावे. एका चिमणीस एकच अंक, आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे साऱ्या चिमण्या. गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात ही तत्त्वे मांडली. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारे मूलही ‘मग चिमण्या किती?’ असे विचारताच पुष्कळदा पुन्हा एकपासून मोजू लागते. म्हणून घाई नको. पान उलटण्यापूर्वी ‘आणखी दोन आल्या तर?’ असे विचारून थांबावे. मूल प्रथम सर्व चिमण्या मोजील. पुढे कधीतरी ‘तीन’ मनात धरून ‘चार, पाच’ म्हणेल. बेरीज तेथे उगवते. अधिकचे चिन्ह मागाहून येऊ द्यावे. तेच पान दुसऱ्या दिवशी गुजरातीत मोजावे. शब्द बदलतील, चिमण्या पाचच राहतील.

आपल्या शहरात महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत. इंग्रजी शाळांतही मराठी मुले आहेत. त्या सर्वांसाठी येथे मुलांच्या हाताला येईल असे एक कपाट असावे, आणि आजी-आजोबांनी ती पुस्तके घरी न्यावीत, ही माझी विनंती. पाने फाटतील, ती चिकटवून पुस्तके पुन्हा द्यावीत. कपाटात जपलेल्या कोऱ्या पुस्तकातून कोणी मोजणी शिकत नाही.