पालापाचोळ्यातील दोन जीव : गांडूळ आणि वाणी



चंद्रपूर-गडचिरोलीची वने म्हटली की साग, बांबू आणि ताडोबाचा वाघ डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु ज्यांच्या श्रमावर या वनांची माती पोसली जाते, त्या लहान जीवांकडे क्वचितच लक्ष जाते. गांडूळ आणि वाणी हे त्यांपैकी दोन.

दोघांचीही शरीरे वलयांची, दोघांनाही ओलावा प्रिय. म्हणून ते एकाच कुळातील वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे नाते फार दूरचे आहे. गांडुळाला पाय नाहीत, कवच नाही. ते ओल्या त्वचेतूनच श्वास घेते. वाणी ही विंचू-खेकड्यांप्रमाणे संधिपाद संघातील. तिला कठीण कवच असते, बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात आणि बारीक छिद्रांवाटे ती श्वास घेते. धोका जाणवताच ती वेटोळे करून उग्र स्राव सोडते. जैन परंपरेतील इंद्रियगणनेतही गांडूळ द्वींद्रिय, तर वाणीची दूरची आप्त गोम त्रींद्रिय मानली आहे.

कुळे भिन्न असली, तरी कार्य परस्परपूरक आहे. वाणी कुजू लागलेली पाने कुरतडून त्यांचा चुरा करते. गांडूळ तो मातीसह गिळते व सुपीक विष्ठा बाहेर टाकते. त्याच्या बिळांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांच्या या कार्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शेतात कोवळी रोपे कुरतडणारी वाणी कीड ठरते. वनात मात्र ती उपकारक आहे.

उन्हाळ्यात हे जीव मातीत वा ओंडक्यांखाली दडून राहतात. नेमक्या त्याच काळात मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडांखालचा पालापाचोळा पेटविला जातो. ती आग पसरली की पहिल्या पावसानंतर वर येणाऱ्या या जीवांचे अन्न आणि आसरा दोन्ही नाहीसे झालेले असतात. उघडी पडलेली माती पाण्याबरोबर वाहून जाते. झाडाखालची जागा झाडून घेणे किंवा जाळी अंथरणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे अनेक ग्रामसभांनाही असे हक्क लाभले. वनाचा वाटा ठरविताना पायांखालच्या या मुक्या श्रमिकांचाही वाटा राखला जावा. पालापाचोळा हा कचरा नव्हे. ते त्यांचे वर्षभराचे धान्य आहे.