बीज, ऋतू आणि वय

(कुटुंब प्रबोधनाच्या एका कार्यक्रमात विवाहित दांपत्ये व त्यांच्या घरातील ज्येष्ठ यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



पेरणीपूर्वी शेतकरी चार गोष्टी पाहतो. हंगाम आला आहे का, जमिनीला वाफसा आहे का, पुढे पाणी पुरेल का आणि हातातील बियाणे कसदार आहे का. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भसंभवाचे वर्णन याच उपमेने केलेले आहे. ऋतू, क्षेत्र, अंबु आणि बीज या चारांचा योग जुळला की अंकुर फुटतो, तसाच गर्भ राहतो. याच ग्रंथात स्त्रीचे आर्तव सुमारे बाराव्या वर्षी सुरू होते व पन्नाशीच्या सुमारास थांबते असे नोंदलेले आहे. सोळा वर्षांखालील स्त्री आणि पंचवीस वर्षांखालील पुरुष यांच्यापासून राहिलेल्या गर्भास धोका असतो, असा इशाराही तेथे आहे. मातृत्वाच्या काळाला दोन काठ आहेत, याची जाणीव या भूमीत फार जुनी आहे.

पहिल्या काठाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या आणि त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. त्या दुःखातून उठून ही मुलगी अमेरिकेत गेली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली आणि तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढे समाज शहाणा झाला, मुली शिकल्या, विवाहाचे वय वाढले. ही प्रगतीच आहे आणि तिच्यापासून माघार घेण्याचा विचारही कोणी करू नये. मात्र आता दुसऱ्या काठाचा विसर पडू लागला आहे. शिक्षण, नोकरी, बढती, घराचे कर्ज या क्रमात अपत्याचा विचार सर्वांत शेवटी येतो. वयाच्या सदतिसाव्या-अडतिसाव्या वर्षी दांपत्य तज्ज्ञाकडे जाते, तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘‘हे आम्हांला कोणी आधी का सांगितले नाही?’’ या प्रश्नाला घराने आणि समाजाने उत्तर द्यायला हवे.

बीज : आजीच्या उदरातील ठेव

सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रथम पाहिले ते कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने, १८२७ साली, कुत्रीच्या बीजांडकोशात. त्यानंतरच्या संशोधनातून उलगडलेली हकिकत विलक्षण आहे. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू सतत नव्याने तयार होतात. त्यांच्या निर्मितीला साधारण अडीच महिने लागतात आणि हे कार्य उतारवयापर्यंत चालते. स्त्रीचे तसे नाही. तिच्या वाट्याची सर्व बीजे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. गर्भ वीस आठवड्यांचा असताना त्यांची संख्या सुमारे ६० ते ७० लाख असते. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख. सदतिसाव्या वर्षाच्या आसपास ती सरासरी २५ हजारांवर येते आणि रजोनिवृत्तीच्या वेळी जेमतेम हजार असतात.

याचा अर्थ असा की, आज जन्मलेले बाळ ज्या बीजातून आकाराला आले, ते बीज त्याची आई आजीच्या उदरात असतानाच निर्माण झाले होते. तीन पिढ्या एका देहात गुंफणारी ही निसर्गाची योजना आहे.

स्त्रीच्या संपूर्ण आयुष्यात प्रत्यक्ष बीजविमोचन होते ते केवळ ४०० ते ५०० वेळा. मग उरलेल्या लक्षावधी बीजांचे काय होते? दर महिन्याला अनेक बीजे वाढीस लागतात. त्यांतील बहुधा एकच परिपक्व होऊन बाहेर पडते, बाकीची विरून जातात. ही झीज पाळी येण्यापूर्वी सुरू होते, गरोदरपणातही चालू राहते आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही थांबत नाही. गोळ्या घेतल्याने बीजे शिल्लक राहतात ही समजूत चुकीची आहे. गोळ्यांनी ती संपतात हीदेखील तितकीच चुकीची आहे.

संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे तो बीजाचा कस. जन्मापूर्वी प्रत्येक बीजाचे विभाजन सुरू होऊन अर्ध्यावर थांबते. गुणसूत्रांच्या जोड्या तशाच एकमेकींना धरून राहतात आणि हे विभाजन पुढे सरकते ते बीजविमोचनाच्या थोडे आधी. विसाव्या वर्षी बाहेर पडणारे बीज वीस वर्षे थांबलेले असते, चाळिसाव्या वर्षीचे चाळीस वर्षे. या प्रदीर्घ प्रतीक्षेत गुणसूत्रांना धरून ठेवणारे बंध सैल होतात आणि विभाजनाच्या वेळी वाटणी चुकते. कुठे एक गुणसूत्र अधिक जाते, कुठे एक कमी. बहुतेक वेळा असा गर्भ रुजत नाही किंवा पहिल्या काही आठवड्यांत पडतो. क्वचित तो पूर्ण दिवसांचा होतो आणि बाळाला डाऊन सिंड्रोमसारखी अवस्था असते. मातेचे वय पंचवीस असताना हे प्रमाण साधारण १,२५० जन्मांत एक असते, पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० मध्ये एक आणि चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० मध्ये एक.

तिशीतील निरोगी स्त्रीला एका पाळीचक्रात गर्भ राहण्याची शक्यता सुमारे २० टक्के असते. चाळिशीत ती ५ टक्क्यांच्या आसपास येते. पाळी मात्र पूर्वीसारखीच नियमित येत असते आणि येथेच फसगत होते. नियमित पाळी ही बीजाच्या तारुण्याची खूण नव्हे. देह योगासनांनी सुदृढ राहील, चेहरा तरुण दिसेल, पण बीजाचे वय दिनदर्शिकेप्रमाणेच पुढे सरकते.

ऋतू : सहा दिवसांची संधी

बीजविमोचन पाळीच्या चौदाव्या दिवशी होते, हे वाक्य पुष्कळांना पाठ असते. ते केवळ अठ्ठावीस दिवसांच्या चक्राला लागू पडते. १९२०च्या दशकात जपानचे क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, मोजणी मागून करायची असते. पुढील पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडते. म्हणून पस्तीस दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीत ते एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटते.

सुटलेले बीज १२ ते २४ तासच सफल होऊ शकते. शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून संधीचे दिवस सहा, बीजविमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच. कित्येक दांपत्ये कामाच्या पाळ्या, प्रवास आणि दोन शहरांतील नोकऱ्या यांत हेच दिवस गमावतात आणि दोष नशिबाला देतात.

क्षेत्र आणि अंबु

गर्भाशय बीजाइतक्या लवकर थकत नाही, परंतु त्याचीही निगा लागते. भारतात जननमार्गाचा क्षयरोग हे बीजवाहिन्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि तो पुष्कळदा कोणत्याही लक्षणाविना असतो. पीसीओडी असलेल्या मुलींत बीज असते, पण ते वेळेवर सुटत नाही. आहार, व्यायाम आणि औषधे यांनी त्यांतील बहुतेकींना मातृत्व लाभू शकते. अशा मुलीला ‘हिला मूल होणार नाही’ असे सांगून घाबरवणे हा अज्ञानाचा अपराध आहे.

अंबु म्हणजे पोषण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. रक्त, थायरॉइड आणि साखर यांची तपासणी, तसेच फॉलिक ॲसिडची गोळी या गोष्टी गर्भ राहिल्यानंतर नव्हे, तर त्याचा विचार सुरू होताच व्हायला हव्यात. धूम्रपानाने रजोनिवृत्ती एक-दोन वर्षे अलीकडे येते, हेही लक्षात ठेवावे.

पुरुषाने आरशात पाहावे

अपत्य नसलेल्या घरात पहिली तपासणी कोणाची होते? सुनेची. दुसरी? पुन्हा सुनेचीच. वास्तविक ज्या दांपत्यांना मूल होण्यात अडचण येते, त्यांतील जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा अन्य कारणांसोबत असते. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी आहे. तरीही तिला टाळण्यात वर्ष-दोन वर्षे जातात आणि ती वर्षे वजा होतात पत्नीच्या बीजांच्या ठेवीतून. पतीच्या संकोचाची किंमत पत्नीने मोजावी, हा कोणता धर्म?

विज्ञानाचे दान आणि त्याची मर्यादा

‘‘आता टेस्ट ट्यूब बेबी आहे, वयाची काळजी कशाला?’’ असे सहज म्हटले जाते. या शास्त्राचा इतिहास भारतीयांनी अभिमानाने आणि थोड्या खेदानेही आठवावा असा आहे. जगातील पहिले असे बाळ इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. गर्भ गोठवून ठेवून पुढील चक्रात तो रुजवण्याची त्यांची पद्धत काळाच्या पुढे होती. परंतु सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची उपेक्षा झाली आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. १९८६ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश आले व ते देशातील पहिले मानले गेले. पुढे आनंद कुमार यांनीच मुखोपाध्याय यांची कागदपत्रे अभ्यासली आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान त्या दिवंगत संशोधकाचा आहे, असे जाहीर केले. स्वतःचे श्रेय असे सोडणे हाही एक संस्कार आहे.

मात्र हे शास्त्र बंद बीजवाहिनीला वळसा घालू शकते, दुर्बळ शुक्रजंतूला हात देऊ शकते. बीजाचे वय मागे नेऊ शकत नाही. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजाने यश मिळण्याचे प्रमाण झपाट्याने घसरते. वृत्तपत्रांत झळकणाऱ्या पन्नाशीतील मातृत्वाच्या मागे बहुधा तरुण स्त्रीचे दान केलेले बीज असते. २०२१ च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी ५० वर्षांपर्यंतची मर्यादा ठेवली, पण बीजदान करणाऱ्या स्त्रीचे वय २३ ते ३५ च असावे असे ठरवले. बीजाच्या वयाचे महत्त्व कायद्यानेही ओळखलेले आहे.

एएमएच नावाची रक्ततपासणी बीजांच्या साठ्याचा अंदाज देते, त्यांच्या कसाचा नव्हे. तो आकडा कमी आला म्हणून खचू नये, चांगला आला म्हणून निश्चिंतही राहू नये. बीज गोठवून ठेवण्याची सोय कर्करोगावरील उपचारांना सामोऱ्या जाणाऱ्या तरुणीसाठी वरदान आहे. अन्य कारणांनी ती स्वीकारणाऱ्या मुलीने जाणून घ्यावे की, गोठवलेले बीज म्हणजे हमखास बाळ नव्हे. आणि ते करायचेच तर पस्तिशीच्या आत.

घराने काय करावे?

या सर्व माहितीचा उपयोग सुनेवर आणखी एक दडपण आणण्यासाठी होणार असेल, तर ती न सांगितलेलीच बरी. ‘लवकर कर’ असे म्हणणाऱ्या घराने ‘आम्ही सांभाळू’ असेही म्हटले पाहिजे. मुली मातृत्व लांबवतात ते बहुधा हौसेखातर नव्हे. बाळ झाल्यावर नोकरी जाईल, शिक्षण अर्धवट राहील आणि सारा भार एकटीवर पडेल, हे त्या आजूबाजूला पाहत असतात. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. ज्यांच्या हाती उद्योग-व्यवसाय आहेत, त्यांनी हा कायदा मनापासून पाळावा. घरात आजी-आजोबांनी आणि सर्वांत आधी पतीने आपला वाटा उचलावा.

महाराष्ट्राचा एकूण जननदर त्याच सर्वेक्षणात १.७ आढळला. परंतु हा प्रश्न संख्येचा होण्यापूर्वी सुखाचा आहे. ज्यांना अपत्य नको, त्यांचा निर्णय त्यांचा आहे. ज्यांना हवे आहे, त्यांना केवळ अज्ञानामुळे ते हुकू नये. विवाहानंतर पहिल्या वर्षातच पती-पत्नींनी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने प्रयत्न करून तज्ज्ञाकडे जावे. चाळिशीत असेल तर थांबूच नये. जावे ते दोघांनी मिळून.

आणि एवढे करूनही ज्यांची ओटी रिकामी राहील, त्यांचे काय? हळदी-कुंकवाच्या समारंभात जिला मागे बसवले जाते, डोहाळजेवणाला जिला बोलावणे टाळले जाते, ती भगिनी या समाजाचीच आहे. बीज संपणे हा देहधर्म आहे, तो कोणाचा दोष नाही. तिच्यासाठी ‘वांझ’ हा शब्द उच्चारणार नाही आणि पुढच्या संक्रांतीला पहिले वाण तिच्याच हाती देऊ, एवढा संकल्प आज येथून घरी नेला, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले. दत्तक घेतलेले बाळही त्या घराचेच कुलदीपक असते. यशोदेला या देशाने कधी देवकीहून कमी मानलेले नाही.

हंगाम कोणासाठी थांबत नाही. शेतकरी त्याला दोष देत नाही, तो जाणून घेतो आणि घरातील सर्वांना बरोबर घेऊन शेतावर उतरतो. कुटुंबानेही तसेच करावे.