टेकडीवरची वाट

मंडळी, तुम्ही म्हणाल, शहरात डांबरी रस्ते आहेत, रात्री दिवे आहेत. तिथे पायवाट कशाला हवी? आम्हांलाही आधी तसेच वाटत होते.

आम्ही जन्मभर खेड्यात मास्तरकी केली. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो आणि पुण्याला मुलाकडे राहायला गेलो. घर तळजईच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. गावी रोज मळ्यापर्यंत चालणे होई. पुण्यात रस्त्यावर पाऊल टाकले की मोटार अंगावर येते. फुटपाथ आहे, पण त्यावर दुचाक्या उभ्या. महिनाभरात गुडघे आखडले. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला निदान दीडशे मिनिटे भरभर चाला. पण चालायचे कुठे? पर्वती जवळ आहे. पण तिला १०३ पायऱ्या. दुखरे गुडघे त्या कशा चढणार?

टेकडीवर एक वाट होती. ती कोणी आखलेली नव्हती. पलीकडच्या वस्तीतल्या बाया आमच्या बाजूला धुण्याभांड्याला येत. त्यांच्या पायांनी ती पडली होती. मोठ्या रस्त्याने फार वळसा पडे, म्हणून त्या सरळ टेकडी उतरत. सरळ वाट म्हणजे पावसात ओघळच की! २०१८ सालच्या श्रावणात एक बाई तिथे घसरली. मनगट मोडले. दीड महिना हात गळ्यात. चार घरची कामे होती, त्यांतली तीन गेली.

आमच्या वसाहतीत सभा भरली. काही जण म्हणाले, "वाट बंदच करा. तारेचे कुंपण घाला. म्हणजे कोणी पडायला नको." आम्हांला राग आला, पण रागावून काम होत नाही. आम्ही एवढेच विचारले, "अहो, मग उद्या तुमची भांडी घासायला बाई कुठून येईल?" सभा हसली आणि कुंपण राहून गेले. जागा वन खात्याची. आम्ही आठ-दहा जणांनी अर्ज करून परवानगी काढली. झाड तोडायचे नाही, सिमेंट वापरायचे नाही, असे ठरले.

पहिल्यांदा आम्ही फसलो. वर्गणी काढली, तीन ट्रॉल्या मुरूम आणला आणि जुन्याच वाटेवर पसरला. वाट कशी छान दिसू लागली! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात भयंकर पाऊस झाला. आंबिल ओढ्याला पूर आला. माणसे दगावली. त्या दुःखापुढे आमच्या मुरमाची काय कथा? पण तो सगळा वाहून खालच्या गटारात बसला. गटार तुंबले आणि दोन घरांत पाणी शिरले. ती चूक आमची.

पडलेल्या बाईचे वडील तेव्हा गावाहून आले होते. दुष्काळी भागातले शेतकरी. जन्मभर बांधबंदिस्ती केलेली. वाट बघून म्हणाले, "मास्तर, पाणी जिथनं उतरतंय, तिथंच तुम्ही मुरूम टाकलाय. ऱ्हाईल कसा?" जमिनीची धूप आम्ही मुलांना तीस वर्षे शिकवली, बरे का! पण ती फळ्यावर.

मग आबा सांगतील तसे करायचे ठरले. दिवाळीनंतर माती ओलसर असते, खणायला बरी. दर रविवारी टिकाव, फावडी, घमेली घेऊन आम्ही निघायचो. वाट टेकडीला आडवी नेली. दहा हात चालल्यावर एक हातापेक्षा जास्त चढ ठेवला नाही. वाटेचा उताराकडचा काठ किंचित खाली ठेवला. त्यामुळे पाणी वाटेवरून धावत नाही, आडवे निघून जाते. जिथे चढ जास्त, तिथे दगडांची तिरपी ओळ पुरली आणि तिला लागून चर काढला. पाणी ओळीला अडते आणि चरातून बाजूला जाते. तुम्ही शेतात ताली घालता, त्यातलीच ही युक्ती. जुन्या ओघळीत दगड रचले. तिच्या तोंडाशी बोरी-बाभळीच्या काट्या टाकल्या. नाहीतर घाईचा माणूस पुन्हा सरळच उतरतो. आम्हीसुद्धा दोनदा उतरलो, खोटे कशाला बोला!

एक जण काठचे गवत उपटायला निघाला होता. आबांनी त्याचा हात धरला. गवताच्या मुळांनीच काठ धरलेला असतो. आता अंगाला लागेल तेवढेच कापतो.

टेकडीवर गिरिपुष्पाची झाडे फार. हिरवळीच्या खतासाठी तुम्ही बांधावर लावता, तेच झाड. त्याचा पाला पडून चर बुजतात. म्हणून मृगाच्या आधी एकदा ते मोकळे करायचे. पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी लगेच पुन्हा जाऊन बघायचे. पाणी कुठून फुटले ते तेव्हाच दिसते. पुढे चिखल वाळला की काही कळत नाही. मुरूम टाकणे सोपे, सगळे येतात. चर काढायला मात्र चौघेच उरतात, हा आमचा अनुभव.

कुंपण घाला म्हणणारे गृहस्थ आता रोज पहाटे त्याच वाटेने फिरतात. बाईचा हात बरा झाला. पण जड बादली अजून उचलवत नाही. तिला नवी दोन कामे मिळाली आहेत. सकाळी सातला ती वाटेने येते. वाट कुठे बिघडली, हे आमच्याआधी तिला कळते. कालच म्हणाली, "मास्तर, तिसऱ्या वळणावरचा दगड हललाय बघा." रविवारी पहार घेऊन तिकडेच जायचे आहे.