थंडी, सायकल आणि आपला स्टँड

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



मला विषय दिला आहे ‘हिवाळ्यातील आरोग्य’. आयुष्यभर बँकेत लेजर तपासणारा माणूस आरोग्यावर काय बोलणार? सेक्रेटरींना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “काका, तुम्ही सायकलबद्दल बोला.” तेव्हा सायकलबद्दलच बोलतो.

२०१५ साली आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, साधारण ४८०० किलोमीटर. ती बातमी मी पेपरात तीनदा वाचली. तेव्हा मी पासष्टचा होतो. त्या वर्षी मुलाने वाढदिवसाला वाकड्या हँडलची रोड बाईक आणून दिली. आमच्या घरात त्यावरून चार दिवस अबोला होता, तो विषय वेगळा. गंगापूर रोडने सोमेश्वर, पुढे गोवर्धन, गिरणारे आणि परत, असे तीसेक किलोमीटर हळूहळू अंगवळणी पडले. वाटेत द्राक्षबागा, गिरणाऱ्याला टोमॅटोच्या क्रेटने भरलेल्या गाड्या. ज्यांनी हा रस्ता फक्त चारचाकीतून पाहिला आहे, त्यांनी तो पाहिलेला नाही असे मी समजतो.

आता मुद्द्याचे. मी एकाहत्तर वर्षांचा असताना, जानेवारी महिन्यात, तरुण मंडळींबरोबर त्र्यंबकला निघालो. पहाटे साडेपाचला. निफाडला पारा पाच-सहावर आलेला, इकडेही दात वाजत होते. “काका, तुम्ही सावकाश या,” असं एकजण म्हणाला, आणि तेच मला लागलं. चहा नाही, हातपाय हलवलेले नाहीत, अंथरुणातून उठून थेट सायकलवर. अंजनेरीच्या अलीकडे चढावर छातीवर कोणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालं. थांबलो, पाणी प्यायलो, म्हटलं गॅसेस असतील. कोणाला काही बोललो नाही. परत आल्यावर मात्र दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकलो. तिथे आमच्या सौभाग्यवतींनी मला पाहिलं. पुढचं सगळं तिने केलं. ईसीजी, अँजिओग्राफी आणि एक स्टेंट. उशीर झाला असता तर आज या माइकसमोर दुसरं कोणीतरी असतं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला एरवीच्या कामासाठीही जास्त जोर लावावा लागतो. त्यात एकदम चढावर दम लावला की संपलं. हिवाळ्यात हार्ट अटॅकचे पेशंट वाढतात, ते उगीच नाही.

पण माझी खरी चूक पुढच्या वर्षीची आहे, आणि ती या सभागृहातले निम्मे लोक दरवर्षी करतात. दिवाळी झाली आणि घरात ठराव पास झाला : थंडीत सायकल बंद. मीही घाबरलेलो होतो, सही केली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी शाल पांघरून गॅलरीत बसलो. डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, लोणी, सगळं रीतसर चालू. मार्चमध्ये बी विंगला सत्यनारायण होता. पाटावर बसलो आणि उठता येईना. दोन मुलांनी काखेत हात घालून उभं केलं. लोक हसले, मीही हसलो, पण घरी येऊन झोप लागली नाही. स्टेंट पडला तेव्हा जेवढा घाबरलो नव्हतो तेवढा त्या रात्री घाबरलो. आपल्या वयात मांडीची ताकद म्हणजे मुदतठेव. मोडायला एक हिवाळा पुरतो, पुन्हा भरायला मला पावसाळा उजाडला. डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावले. “मी पहाटे जाऊ नका म्हटलं होतं, जाऊच नका कधी म्हटलं?”

आता मी काय करतो ते सांगतो. ज्यांना बीपी, शुगर, हार्टचा त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच यातलं काही घ्यावं.

ऊन अंगावर आल्याशिवाय निघायचं नाही. माझी वेळ आठची. त्याआधी घरात दहा मिनिटं : जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं-बसणं. पहिली वीस मिनिटं अगदी हलक्या गिअरमध्ये. हृदयाच्या गोळ्यांमुळे नाडीचे ठोके वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळावर माझा विश्वास नाही. मी चढावर मनात नव्हे, तोंडाने रामरक्षा म्हणतो. ओळ मध्ये तुटली की वेग कमी. रस्त्यावरचे लोक बघतात, बघू देत.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाड स्वेटर चुकीचा. घाम येतो, मग उतारावर तोच घाम गार पडतो. पातळ दोन-तीन थर, वरचा वाऱ्याचा. जॅकेटच्या आत छातीवर पेपरची घडी घालावी. युरोपातले नामांकित सायकलपटू घाट उतरताना हेच करत आले आहेत, आणि मला तर रद्दी फुकट. कान आणि बोटं झाकायची, गारठलेल्या बोटांनी ब्रेक लागत नाही. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळायचं नाही. चाकातली हवाही गारठ्याने उतरते, तेव्हा आठवड्याला पंप मारून बघायचा. खिशात फोन, आणि कुठल्या रस्त्याला जातोय हे घरी सांगून जाणं. हा आमचा तहनामा आहे, तो मी मोडत नाही.

ज्या दिवशी फारच धुकं असेल, त्या दिवशी घरी. मुलाने स्टँडवर सायकल अडकवून जागच्या जागी चालवायचं यंत्र आणलं होतं. तिसऱ्या दिवशी खालच्या वहिनी वर आल्या. त्यांना वाटलं मी पिठाची गिरणी टाकली. आता खाली जाड गादी घालतो, आणि दुपारी चारनंतरच.

शेवटी एक कबुली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या मंजूर नकाशात वॉचमनच्या केबिनमागे सायकल स्टँड होता. जुन्या सभासदांना आठवत असेल. कार वाढल्या तेव्हा तो काढून दोन पार्किंग करण्याचा ठराव झाला. त्या ठरावावर खजिनदार म्हणून सही माझी आहे. मीच तेव्हा म्हणालो होतो, सायकल आता चालवतंय कोण? आज माझी सायकल दुसऱ्या मजल्यावर चढवताना मला हे रोज आठवतं. आपल्या सोसायटीत मुलांच्या धरून सव्वीस सायकली आहेत, मी मोजल्या. बहुतेक जिन्याखाली धूळ खात पडल्या आहेत, कारण वर नेणं-आणणं होत नाही.

तेव्हा चेअरमनसाहेब, येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एका कारएवढी जागा सायकलींना परत देण्याचा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज मी ऑफिसात दिला आहे. पोच घेतली आहे, बँकेची सवय. आणि कट्ट्यावरच्या मित्रांनो, रविवारी सव्वाआठला मी गेटवर असतो. सोमेश्वरपर्यंतच जाऊ, मध्ये चहा घेऊ. ज्यांच्या चाकात हवा नाही त्यांनी शनिवारी सांगा, माझ्याकडे पंप आहे.