कॉलेजचे पहिले वर्ष आणि फौजेचा रस्ता

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या संस्थेचे चिटणीस मला निमंत्रण द्यायला आले तेव्हा म्हणाले, "सर, डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा असे सांगणारे पुष्कळ येतात. तुम्ही दुसरे काही सांगा." मी जन्मभर मुंबईत कॉलेजात शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे एन. सी. सी.च्या खाकी गणवेशात काढली. तेव्हा माझ्यापाशी सांगण्यासारखे दुसरे काही म्हणजे हेच, की कॉलेज न सोडता लष्करात अधिकारी होता येते. आणि त्याची तयारी पदवी हाती आल्यावर नव्हे, तर पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या दिवसांत सुरू करायची असते.

एक गोष्ट सांगतो. लालबागच्या चाळीत राहणारा एक मुलगा माझ्या कंपनीत होता. वडिलांचे क्रॉफर्ड मार्केटकडे लहानसे दुकान. मुलगा उंचापुरा, बोलायला कमी, पण परेडच्या मैदानावर वीस पोरे त्याच्या मागे आपोआप उभी राहत. एके दिवशी वडील मला भेटायला आले. म्हणाले, "सर, रविवारी दुकानात माणूस लागतो. परेडने चूल पेटत नाही." शिबिराच्या संमतिपत्रावर त्यांनी सही केली नाही. त्या वर्षी शिबिर रमजानमध्ये आले होते, तेही एक कारण. हळूहळू मुलाची हजेरी कमी झाली. 'सी' सर्टिफिकेटच्या परीक्षेला परेडची ७५ टक्के हजेरी लागते आणि शिबिरे झालेली असावी लागतात. तिसऱ्या वर्षी तो फॉर्म घ्यायला आला तेव्हा मला त्याला परत पाठवावे लागले. पुढे त्याने लेखी परीक्षा दिली, पुन्हा दिली, गणितात अडला, आणि वय निघून गेले. आज तो दुकान उत्तम चालवतो. वडील वारले, शेवटी शेवटी भेटले की म्हणत, "सर, तुम्ही तेव्हा घरी यायला हवे होते." खरे आहे. मी गेलो नाही. रमजानच्या शिबिरात रोजा ठेवणाऱ्या मुलांसाठी लंगरच्या आचाऱ्याकडून पहाटेचे जेवण मी स्वतः करवून घेतलेले होते, पण हे त्या बापाला घरी जाऊन कोणी सांगितलेच नाही.

आता हिशेब नीट समजून घ्या. पदवीधराला अधिकारी होण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली सी. डी. एस. ही परीक्षा. यू. पी. एस. सी. ती वर्षातून दोनदा घेते. मुंबईतही केंद्र असते. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे तीन पेपर. गणित शालान्त परीक्षेच्या पातळीचे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही बसता येते. डेहराडूनच्या अकादमीसाठी वय १९ ते २४, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी १९ ते २५. चेन्नईसाठी गणिताचा पेपर नसतो, हे आर्ट्सच्या मुलांनी लक्षात ठेवावे. दुसरी वाट एन. सी. सी.ची. 'सी' सर्टिफिकेट किमान 'बी' श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर खास प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय अर्ज करता येतो; अर्जांची छाननी होऊन थेट निवड मंडळापुढे बोलावणे येते. पण हे सर्टिफिकेट बाजारात मिळत नाही. दुसऱ्या वर्षी 'बी', तिसऱ्या वर्षी 'सी'. पहिले वर्ष गेले की साखळीची पहिली कडीच गेली. म्हणून ज्या कॉलेजात प्रवेश घ्याल तिथे एन. सी. सी.चे युनिट आहे का, हे फीच्या आधी विचारा.

दोन्ही वाटांवर उमेदवार अविवाहित असावा लागतो. आपल्याकडे पदवी झाली की स्थळे बघायची घाई असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

निवड मंडळ म्हणजे एस. एस. बी. पाच दिवस. भोपाळ, बेंगळूर, प्रयागराज किंवा कपूरथळा येथे. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि पुष्कळ मुले त्याच संध्याकाळी परत निघतात. राहिलेल्यांना छातीवर नंबर बांधतात आणि पुढे त्याच नंबराने हाक मारतात. १५ सेकंदांत एक शब्द वाचून मनात येईल ते वाक्य लिहायचे, असे ६० शब्द. चित्र पाहून गोष्ट लिहायची. मग मैदानावर लाकडी फळी, दोर आणि पिंप घेऊन आठ-दहा जणांनी अडथळे पार करायचे. तिथे कोण ओरडतो आणि कोण खरोखर दोर बांधतो, हे अधिकारी बाजूला उभे राहून पाहत असतात. दादरला याचे क्लास चालतात, ठरावीक उत्तरे पाठ करून घेतात. एका क्लासला भरमसाट फी भरून गेलेले माझे दोन विद्यार्थी चाळणीतच परतले. उलट चाळीतल्या पाण्याच्या पाळ्या लावणारा, मोहरमची सबील सांभाळणारा, नरे पार्कवर लहान पोरांची क्रिकेटची टीम चालवणारा मुलगा तिथे बुजत नाही. त्याला अडचण येते ती इंग्रजीची. मंडळाचा व्यवहार बहुतेक इंग्रजीत चालतो. उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

महाराष्ट्र सरकारचे नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. लेखी परीक्षा पास झालेल्यांना, तसेच 'सी' सर्टिफिकेटवर एस. एस. बी.साठी शिफारस झालेल्यांना तिथे मुलाखतीचे शिक्षण, राहणे आणि जेवण विनामूल्य मिळते. मुंबईच्या मुलांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. हे माहीत नसल्यामुळे आपली मंडळी कर्ज काढून क्लास लावतात, याचे मला वाईट वाटते.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. तो मला दाराआड, हळू आवाजात विचारला जातो: "आमच्या पोराला घेतील का?" ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगर येथे धारातीर्थी पडले, मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ हवाई दलाचे प्रमुख होते आणि पुढे १९८२ पासून मलबार हिलच्या राजभवनात आपले राज्यपाल म्हणून राहिले. अगदी आपल्या विषयाचे उदाहरण हवे तर कॅप्टन हनीफुद्दीन. दिल्लीच्या शिवाजी कॉलेजचा पदवीधर, १९९७ साली अधिकारी झाला, ६ जून १९९९ रोजी तुर्तुक भागात शहीद झाला, वीर चक्र. ही नावे मी अभिमानासाठी घेतो, पण सारे काही सोपे आहे असे म्हणत नाही. आपली मुले अर्जच थोडे करतात, मग निवडलेली थोडी दिसतात, आणि थोडी दिसतात म्हणून पुढची अर्ज करत नाहीत.

नमाजाचे विचाराल, तर लष्करात मौलवीही धर्मशिक्षक म्हणून नेमलेले असतात. दाढीचे मात्र स्पष्ट सांगतो, उगाच गोड बोलणार नाही. हवाई दलातल्या एका प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दलाच्या शिस्तीच्या बाजूने निकाल दिला. हे घरात आधी बोलून घ्यावे. निवड झाल्यावर वाद नको.

मुलींचे पालक मागच्या रांगेत गप्प बसले आहेत. चेन्नईची अकादमी १९९२ पासून मुलींना घेते. कर्नल सोफिया कुरेशी बडोद्याच्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकल्या, १९९९ साली तिथून अधिकारी झाल्या आणि २०१६ मध्ये पुण्याला झालेल्या अनेक देशांच्या लष्करी सरावात त्यांनी भारतीय तुकडीचे नेतृत्व केले. २०२५ च्या मे महिन्यात तुम्ही सर्वांनी त्यांना टी. व्ही.वर पाहिले आहे.

खर्चाची काळजी करू नका. चेन्नईचे प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे. त्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. पहिली नेमणूक १० वर्षांची, ती ४ वर्षे वाढू शकते, आणि लायक ठरल्यास कायमही होते.

शेवटी तब्येत. डोळे, रंग ओळखणे, दात, सपाट तळपाय, गुडघे, कान हे सगळे सतराव्या वर्षीच परळला के. ई. एम.मध्ये किंवा नायरमध्ये तपासून घ्या. दोष दुरुस्त होण्याजोगा असेल तर हाती तीन वर्षे असतात. आणि सकाळी धावा. शिवाजी पार्क, गिरगाव चौपाटी, ऑगस्ट क्रांती मैदान, जे जवळ असेल तिथे.

कार्यक्रम संपल्यावर मी खालच्या वर्गात बसणार आहे. ज्यांचे मूल यंदा बारावीला आहे त्यांनी जन्मतारखेचा दाखला घेऊन यावे, मी वय मोजून कोणत्या परीक्षेला किती संधी मिळतात ते कागदावर लिहून देतो. रविवारी दुकानात माणूस लागतो म्हणणाऱ्यांनी तर आधी यावे.