मॅनेजर हंगामी, करार कायम

सुट्टीची झोप मोडून आलात, म्हणून मुद्द्याचंच बोलतो.

बऱ्याच साइटवर सध्या एकच रडगाणं आहे. जुना मॅनेजर गेला, नवा यायचाय, मध्ये कुणाला तरी बसवलाय. त्याला पगाराचं विचारा, इकाम्याचं विचारा, सुट्टीचं विचारा, उत्तर ठरलेलं: "मी टेम्पररी आहे, नवीन साहेब आले की बघू."

आधी शब्दच बघू. इंग्रजीत इंटरिम किंवा ॲक्टिंग म्हणतात. गावाकडे आपण प्रभारी मुख्याध्यापक पाहिलेत, ग्रामपंचायतीवर प्रशासक पाहिलेत. इथल्या अरबी पत्रांत हुद्द्यापुढे 'मुकल्लफ' लिहितात. मला हा शब्द सगळ्यात नेमका वाटतो. मुकल्लफ म्हणजे ज्याच्यावर जबाबदारी टाकली आहे तो. माणूस चार दिवसांचा असेल, पण त्या चार दिवसांची जबाबदारी त्याचीच.

आपल्या इतिहासात बारभाई आहेतच की. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढच्या वर्षी चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. पाळण्यातलं पोर कारभार कसा करणार? तो केला सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके वगैरे मंडळींनी, बाळाच्या नावानं. आज 'बारभाई कारभार' आपण टिंगलीनं म्हणतो. पण पेशवे मोठे होईपर्यंत पगार मागू नका, असं शिपायांना सांगून राज्य चाललं असतं का?

आता जेद्दातलंच घ्या. सौदी बिनलादिन ग्रुप ही इथली जुनी, मोठी कंपनी. 11 सप्टेंबर 2015 ला मक्केत हरमवर क्रेन कोसळली, शंभरावर माणसं गेली. कंपनीला नवी सरकारी कामं बंद झाली. 2016 मध्ये हजारो कामगारांचे पगार थकले, हजारोंना काढलं. 2017 च्या शेवटी कंपनीचे अध्यक्षच सरकारच्या ताब्यात गेले आणि 2018 च्या सुरुवातीला कारभार पाहायला पाच जणांची समिती आली. म्हणजे इतक्या मोठ्या कंपनीतसुद्धा वरची माणसं रातोरात बदलली. पण खालच्या गवंड्याचा करार ना त्या अध्यक्षांशी होता, ना समितीशी. तो कंपनीशी होता. मॅनेजर बदलला म्हणून त्यातलं एक अक्षर हलत नाही. मालकी बदलली तरीसुद्धा नाही: सौदी कामगार कायद्याचं कलम 18 सांगतं की करार चालू राहतो, नोकरी सलग धरतात, आणि आधीच्या थकबाकीला जुना आणि नवा मालक दोघंही जबाबदार.

त्याच 2016 मध्ये सौदी ओजेरचे आपले लोक इथल्या कॅम्पात अडकले होते. जेवणाचे हाल झाले. व्ही. के. सिंग जेद्दाला आले. सुषमा स्वराज यांनी कामगारांना सांगितलं होतं की आपला दावा नोंदवा आणि घरी या. 'दावा नोंदवा' हे आधी, हे लक्षात घ्या. दावा नोंदवायला कागद लागतो, आणि टेम्पररी साहेबांच्या काळात कागदच होत नाहीत.

म्हणून सांगतो. टाइमशीटवर सही रोजच्या रोज घ्या. "ओव्हरटाइम करा, नवे साहेब मंजूर करतील" असं कुणी म्हणालं, तर त्यालाच म्हणा, साहेब, तुम्ही मुकल्लफ आहात, तुम्हीच सही करा. भांडू नका, हसत म्हणा. पत्र मिळालं तर त्यावर खतम आणि तारीख आहे का बघा, फोटो काढून घरी पाठवा. या मधल्या काळात किवावर नवा करार येतो आणि "फक्त अप्रूव्ह दाब" म्हणतात. वाचल्याशिवाय, कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय दाबायचं नाही. बेसिक कमी झालेला असला, तर नोकरी संपताना मिळणारा हिशोबही कमी होतो.

आता उलट बाजू, आणि मला खरी काळजी हिची आहे. फोरमन सुट्टीवर जातो आणि तुमच्यातल्याच एका हुशार पोराला म्हणतात, "तू बघ जरा महिनाभर." पोराला बरं वाटतं. डोक्यावरचं हेल्मेट बदलतं, पगार तोच. इकाम्यावर 'आमिल' लिहिलेलं आणि हा स्कॅफोल्डिंगच्या टॅगवर सही करतो, वेल्डिंगच्या परमिटवर सही करतो. उद्या फळी सरकली, माणूस पडला, तर कागदावर नाव कुणाचं? मी सुपरवायझर आहे, अपघातानंतर पहिल्यांदा काय मागतात ते मला माहीत आहे. परमिटची फाइल मागतात.

कलम 60 आहे. ठरलेल्या कामापेक्षा मुळातच वेगळं काम तुमच्या लेखी संमतीशिवाय देता येत नाही. तात्पुरती निकड असेल तरच, आणि तेही वर्षातून 30 दिवसांपर्यंत. तेव्हा बढती म्हणून कुणी मान डोलावू नका. कोणत्या तारखेपासून, किती दिवस, कोणतं काम, पैसे किती, हे लेखी मागा. ज्या सहीचं ट्रेनिंग तुम्हाला दिलेलं नाही ती सही करायची नाही. साधी माणसं मोजायची, हजेरी घ्यायची असेल तर जरूर करा, अनुभव कामाला येतो.

आणि पगार सलग तीन महिने आला नाही, तर मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाता येतं, 2021 पासून. तिथे "नवीन साहेब" येण्याची वाट बघावी लागत नाही. तक्रार आधी श्रम मंत्रालयात, तिथे समेट झाला नाही तर कामगार न्यायालयात. सोबत आपलं कॉन्सुलेट आहे, तिथे अर्ज द्या. नोकरी सुटल्यावर बारा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, "बघू बघू" मध्ये ते सहज निघून जातात.

एवढंच. आता विचारा. ज्यांच्याकडे असं मधल्या काळातलं पत्र आहे त्यांनी पुढे या, पत्र घेऊन या.