शिपायाचा मुलगा, बॅरिस्टर आणि कौन्सिलचा सभासद

(तलासरी येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



भात कापून, भारे खळ्यावर टाकून तुम्ही मंडळी दूरदूरच्या पाड्यांवरून पायी आलात. तेव्हा तुमच्या कामाचे असेल तेवढेच बोलतो. आपल्यात पुष्कळांस वाटते की एक शहाणा माणूस कौन्सिलात पाठविला म्हणजे आपले काम झाले; मग पाच वर्षे घोंगडी पांघरून निजावे. ही समजूत कितपत खरी, हे आज एका माणसाच्या चरित्रावरून पाहू. तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्यांच्या घराण्यात पलटणीची नोकरी होती. वडील रामजी हे सुभेदार. बाबासाहेबांचा जन्मच १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला. पण त्याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या तलवारीवर राज्य मिळविले, त्यांनाच दार लावले! पुढे १९१३ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट झाले. परदेशी विद्या घेऊन १९१७ साली ते परत आले, तेव्हा महाराजांनी त्यांना मिलिटरी सेक्रेटरी नेमले. हुद्दा मोठा, पण बडोद्यात राहावयास खोली मिळेना. कचेरीतले शिपाई विटाळाच्या भयाने कागद लांबून टाकीत. एका पारशी वसतिगृहात ते उतरले, तर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. मंडळी, हुद्द्याने पगार मिळतो, माणुसकी मिळत नाही, हा त्यांचा पहिला धडा.

मग त्यांनी कायदा हाती घेतला. विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले व १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. १९२६ साली ब्राह्मणेतर चळवळीतील जेधे, जवळकर वगैरे मंडळींवर ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकापायी खटला झाला. खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि मंडळी सुटली. कायदा हे दुधारी हत्यार आहे. आपल्याकडे जाणता माणूस नसला म्हणजे ते आपल्याच मानेवर येते.

१९२७ साली ते मुंबई कौन्सिलचे सभासद झाले. गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून ते तेथे बोलले. १९२८ साली महार वतनाचे बिल आणले. वतन म्हणजे काय? तुकडाभर जमीन आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची व गावाची वेठ! ते बिल शेवटी त्यांना मागे घ्यावे लागले. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते निवडून आले व त्याच वर्षी त्यांनी खोती मोडण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. तरीही ते बिल पास झाले नाही. खोती गेली १९४९ च्या कायद्याने आणि ते वतन गेले १९५८ च्या कायद्याने. म्हणजे खोतीस बारा वर्षे लागली, वतनास तीस. एवढा विद्वान, एवढा निर्भीड सभासद; पण सभागृहात हात मोजले जातात, अक्कल मोजली जात नाही.

आता आपल्या मुलखाकडे या. त्या १९३८ च्या मोर्चात बाबासाहेबांच्या पक्षाचे एक आमदार होते, शामराव परुळेकर. पुढे ते तो पक्ष सोडून कम्युनिस्ट झाले. त्यांच्या पत्नी गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर. कोर्टाची पायरी सोडून त्या या डोंगरात आल्या. तुमच्या आजोबा-पणजोबांची तेव्हा काय गत होती? लग्नासाठी जमीनदाराकडून चार पैसे घेतले की नवरा-बायको दोघे जन्माचे लग्नगडी! २३ मे १९४५ रोजी झरीला परिषद भरली आणि वारल्यांनी ठरविले : वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही. पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसे पडली, त्यात जेठ्या गांगड होता. पण वेठ परत आली नाही. कौन्सिलात जे काम वर्षानुवर्षे अडले, ते पाड्यापाड्याने एकजूट केल्यावर येथे काही महिन्यांत झाले.

तर मग कौन्सिल व कायदा फुकट काय? तसे मी म्हणत नाही. बैलाच्या जोडीतला एकच बैल ओढू लागला तर तास वाकडे जाते. एका बाजूस कायदा आणि दुसऱ्या बाजूस तुमची एकी पाहिजे. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्यास कसणुकीइतकी, फार तर चार हेक्टरपर्यंत, जमीन त्याच्या हक्काची म्हणून मिळते. ती वारसास जाते. सावकारास विकता येत नाही. दावा प्रथम ग्रामसभेत जातो, मग उपविभागाच्या समितीकडे, शेवटी जिल्ह्याच्या. कागद नाही म्हणून घाबरू नका. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा धरला जातो; मात्र एकच पुरावा देऊन थांबू नका. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा आणि साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे अर्ज करा. साठ दिवस! दाराआडच्या खुंटीवर कागद लटकवून ठेवाल, तर जमीन जाईल.

बाबासाहेबांनी लष्कर पाहिले, कोर्ट पाहिले, कौन्सिल पाहिले, आणि तरीही मोर्चाच्या पुढे चालण्याचे सोडले नाही. आमदार पाठवाल तो खुशाल पाठवा. पण त्याच्या मागे पाठ करून बसू नका. ग्रामसभेस जा, बायांना बरोबर न्या, पोरींना शाळेत घाला, म्हणजे उद्याचा कागद तुमच्याच घरात वाचला जाईल. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.